ठेंगण्या खिंडींचे वाङ्मय

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आपल्याकडे आवडीने वाचला जातो. परंतु त्याची चिकित्सा करण्याचे काम टीकाकारांनी फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. लेखक किती दूर गेला, किती उंच चढला, वाटेत त्यास कोणती संकटे सोसावी लागली आणि परत येताना त्याने वाचकांसाठी किती माहिती आणली, एवढ्या चार रकमांची बेरीज केली की परीक्षण पुरे झाले, अशी एक समजूत रूढ होऊन बसली आहे. या हिशेबाने हिमालयावरचे पुस्तक आल्प्सवरच्या पुस्तकाहून श्रेष्ठ ठरते, आणि आल्प्सवरचे पुस्तक एखाद्या हजार फुटांच्या टेकडीवरच्या पुस्तकाहून. मी स्वतः पुष्कळ वर्षे याच मताचा होतो. बी. ए. च्या वर्गास इंग्रजी गद्य शिकवीत असता एकदा एका विद्यार्थ्याने एडवर्ड थॉमस याच्या ‘इन पर्स्यूट ऑफ स्प्रिंग’ म्हणजे ‘वसंताच्या शोधात’ या पुस्तकाविषयी माझे मत विचारले. ‘त्यात काही घडत नाही,’ एवढ्या एका वाक्यात मी त्या पुस्तकाची बोळवण केली. खरी गोष्ट अशी की, ते पुस्तक मी तोवर चाळले होते, वाचले नव्हते. पुढे ते नीट वाचले, त्याच्या कुळीतली आणखीही काही पुस्तके वाचली, तेव्हा त्या वाक्याची मला लाज वाटू लागली. तो विद्यार्थी आता कोठे आहे हे मला ठाऊक नाही. त्यास द्यावयाचे राहून गेलेले उत्तर येथे मांडीत आहे.

ज्या वाङ्मयाविषयी मी लिहीत आहे त्याचा विषय अगदी साधा आहे. एका खोऱ्यातून निघावे, पायी किंवा सायकलीवरून एखादी बुटकी डोंगररांग चढावी, दोन टेकड्यांमधल्या सखल जागेवरून पलीकडे उतरावे आणि दुसऱ्या खोऱ्यातल्या गावी मुक्कामास पोचावे. दक्षिण इंग्लंड, उत्तरेकडचा सरोवरांचा प्रांत आणि वेल्स येथील डोंगर या कामास फार सोयीचे. अन्न, निवारा आणि मनुष्यवस्ती ही तेथे सहसा फार दूर नसतात. सॉमरसेटमधील क्वांटॉक टेकड्यांचे सर्वांत उंच टोक अवघे ३८४ मीटर, म्हणजे सुमारे साडेबाराशे फूट आहे. आपला सिंहगड त्याच्या तिपटीहून उंच. अशा मुलखात सामान्य माणसाचा संचार वाढला तो मुख्यतः सायकलीमुळे. १८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याने जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल पुढे आणली. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर सिद्ध केला. आणि त्यानंतरच्या दहापंधरा वर्षांत घोडागाडी बाळगणे ज्यांना स्वप्नातही शक्य नव्हते असे दुकानातले नोकर, कारकून, शाळामास्तर आणि शिक्षिका रविवारी शहराबाहेर पडू लागल्या. रेल्वे डोंगराखालून बोगद्याने निघून जाते, मोटार पाच मिनिटांत माथा गाठते. सायकलस्वारास मात्र चढाचा हातन् हात स्वतःच्या मांड्यांनी मोजावा लागतो, आणि चढ अनावर झाला की खाली उतरून गाडी ढकलावी लागते. पायांनी भूमी वाचण्याची ही विद्या या वाङ्मयाच्या मुळाशी आहे.

मराठी वाचकापुढे हा विषय मांडताना पहिली अडचण शब्दाची येते. आपल्या भाषेत ‘खिंड’ हा शब्द उच्चारला की १६६० सालची घोडखिंड आणि बाजीप्रभू देशपांडे डोळ्यांपुढे उभे राहतात. ‘खिंड लढविणे’ हा वाक्प्रचार आपण कचेरीतील आणि घरातील प्रसंगांनाही लावतो. खिंड म्हणजे शत्रूस अडविण्याची जागा, तेथे पाय रोवावयाचा आणि वेळ आली तर देह ठेवावयाचा, ही कल्पना आपल्या भाषेच्या हाडीमांसी भिनलेली आहे. ती अभिमानास्पद आहे यात संशय नाही. पण तिच्यामुळे खिंडीचे दुसरे आणि नित्याचे काम, म्हणजे माणसांना अलीकडून पलीकडे जाऊ देण्याचे काम, काहीसे झाकले गेले आहे. ‘घाट’ हा शब्द या दृष्टीने अधिक सौम्य. परंतु त्याने चढउताराच्या सगळ्या रस्त्याचा बोध होतो. माथ्यावरची ती एक जागा, जेथे एका खोऱ्याचे पाणी मागे राहते आणि दुसऱ्या खोऱ्याचे पाणी पुढे वाहू लागते, तिचा बोध त्याने होत नाही. या लेखात खिंड म्हणताना मला ती जागा अभिप्रेत आहे.

या जागेचे वाङ्मयीन मर्म समजून घेण्यास वर्डस्वर्थच्या चरित्रातील दोन प्रसंग फार उपयोगी पडतात. १७९० च्या उन्हाळ्यात, केंब्रिजच्या सुटीत, वीस वर्षांचा वर्डस्वर्थ रॉबर्ट जोन्स या मित्राबरोबर फ्रान्समधून पायी आल्प्सकडे गेला. सिंप्लॉनची खिंड ओलांडण्याचा क्षण किती भव्य असेल याची चित्रे त्याने मनाशी रंगविली होती. वाट चुकून दोघे वर चढत राहिले. मग भेटलेल्या एका शेतकऱ्याने त्यांस सांगितले की, येथून पुढली वाट ओढ्याच्या काठाने खालीच जाते. आल्प्स ओलांडून झाला होता, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नव्हता! ‘प्रील्यूड’ या आत्मचरित्रपर काव्याच्या सहाव्या सर्गात ही हकीकत आली आहे. ते काव्य १८५० मध्ये, कवीच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्या फजितीनंतर लगेच येणाऱ्या कल्पनाशक्तीच्या स्तवनाकडे टीकाकार धाव घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ती फजितीही तितकीच बोलकी आहे. सिंप्लॉनची उंची दोन हजार मीटर, मनाची तयारी तिच्याहून मोठी, आणि नेमका माथ्याचा क्षण तेवढा हातून निसटलेला.

दुसरा प्रसंग घराजवळचा आहे. २९ सप्टेंबर १८०० रोजी विल्यम आणि त्याची बहीण डोरोथी आपल्या दर्यावर्दी भावास, जॉनला, निरोप देण्याकरिता ग्रासमियरहून त्याच्याबरोबर निघाली आणि ग्रिझडेलच्या खिंडीपर्यंत चालत गेली. ही खिंड सिंप्लॉनच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही उंच नाही. डोरोथीच्या रोजनिशीतील त्या दिवसाची नोंद फार त्रोटक आहे: पलीकडले अल्झवॉटर सरोवर जेथून दिसते तेथे त्यांनी जॉनचा निरोप घेतला. आपल्याकडे पाहुण्यास वेशीपर्यंत पोचविण्याची चाल होती. येथे वेस म्हणजे डोंगराचा माथा. निरोप दारात दिलेला नाही, अर्ध्या चढणीवरही नाही; जाणाऱ्यास त्याची पुढली वाट दिसू लागली आणि पोचविणाऱ्यांनाही ती दिसली, अशा जागी तो दिला आहे. ग्रासमियरच्या घरातला जॉनचा तो शेवटचा मुक्काम ठरला. ५ फेब्रुवारी १८०५ रोजी, तो कप्तान असलेले ‘अर्ल ऑफ ॲबरगॅव्हेनी’ हे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्यापासून जवळच बुडाले आणि त्यात त्याचा अंत झाला. त्याच वर्षी विल्यमने त्या खिंडीतल्या वाटेवर भावासाठी शोकगीत रचले. सिंप्लॉनवर जे हाती लागले नाही ते या ठेंगण्या खिंडीत न मागता मिळाले होते. मात्र त्याचे मोल कळावयास मधली पाच वर्षे जावी लागली.

या दोन प्रसंगांतून मला एक कसोटी सापडते. शिखराच्या वाङ्मयास एक बाजू पुरते. चढावे, माथा गाठावा आणि आल्या वाटेने उतरावे. सारे नाट्य त्या माथ्यापाशी संपते. खिंडीच्या वाङ्मयास दोन बाजू असाव्या लागतात. त्यात उंचीचे महत्त्व गौण असते, कारण तेथे कोणी राहावयास जात नाही. म्हणून अशा पुस्तकास टीकाकाराने विचारावयाचे ते एवढेच: पलीकडे उतरलेला माणूस अलीकडून चढलेल्या माणसाहून काही निराळा झाला आहे काय? आणि झाला असल्यास लेखकाने ते स्वतः पुकारून न सांगता आपल्याला उमजू दिले आहे काय? ही कसोटी मी तीन लेखकांस लावून पाहतो. तिघेही इंग्रज, तिघेही सायकलस्वार, आणि तिघांच्याही वाट्याला आलेले डोंगर लहान.

पहिला एच. जी. वेल्स. त्याची ‘द व्हील्स ऑफ चान्स’ ही कादंबरी १८९६ साली प्रसिद्ध झाली. पटनी येथील एका कापडदुकानातला हूपड्रायव्हर नावाचा नोकर वर्षाकाठी मिळणारी दहा दिवसांची रजा घेऊन, नुकत्याच शिकलेल्या सायकलीवरून दक्षिण किनाऱ्याकडे निघतो, एवढेच तिचे कथानक. वेल्सने स्वतः लहानपणी कापडाच्या दुकानात उमेदवारी केली होती, त्यामुळे गिऱ्हाइकापुढे कापड उलगडताना करावयाची ती लवून नम्र हालचाल आणि सायकलीवर तोल सावरताना होणारी ती वेडीवाकडी हालचाल या दोहोंमधला विरोध त्याने नेमका टिपला आहे. कादंबरीच्या आरंभीच तो या सभ्य विक्रेत्याचे पाय आपणांस दाखवितो. त्यांवर पडण्याचे, आपटण्याचे, पायट्याने सोलवटल्याचे व्रण आहेत. दुकानाच्या मेजापलीकडून गिऱ्हाइकास फक्त वरचा अर्धा माणूस दिसतो. खालच्या अर्ध्याने काय साहस आरंभिले आहे ते त्यास ठाऊक नसते. अशा माणसाची दहा दिवसांची रजा ही एका कादंबरीच्या तोलाची गोष्ट आहे, असे मानणे हीच वेल्सची मोठी कामगिरी होय.

तथापि पुढे त्याचा स्वतःच्या विषयावरचा विश्वास डळमळतो. करड्या पोशाखातील एक तरुणी वाटेत भेटते, तिच्यामागे एक खलपुरुष लागलेला असतो, पाठलाग सुरू होतो. आणि तेव्हापासून सरे व ससेक्स परगण्यांतले डोंगर नाटकाच्या पडद्यासारखे मागे टांगले जातात. चढ किती, उतार कोठे, याचे सोयरसुतक कोणासच राहत नाही. शेवट मात्र लेखकाने सावरला आहे. रजा संपते, हूपड्रायव्हर त्याच दुकानाच्या त्याच फाटकातून आत जातो. त्याच्याजवळ काही पुस्तके वाचण्याची उमेद आणि पुढल्या वर्षांविषयीची एक अंधुक आशा एवढेच असते. तो जेथून निघाला तेथेच परतला, म्हणून खिंड ओलांडली नाही असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. बाहेरची वाट फिरून मूळ जागी आली. आतली आली नाही. परंतु हे वेल्सने वाटेवरच्या टेकड्यांतून सिद्ध केलेले नाही, प्रेमकथेतून केले आहे. म्हणून आमच्या कसोटीस ही कादंबरी अर्धी उतरते.

दुसरा एडवर्ड थॉमस, ज्याच्यावर मी वर्गात अन्याय केला तो. २१ मार्च १९१३ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, तो लंडनहून सायकलीने पश्चिमेस निघाला. गिल्डफर्ड, सॉल्झबरीचे पठार, ट्रोब्रिज, मेंडिप टेकड्यांच्या पायथ्याचे शेप्टन मॅलेट, ब्रिजवॉटर असा मुक्काम करीत क्वांटॉक टेकड्यांपर्यंत जावयाचे आणि वसंतास वाटेत गाठावयाचे, असा त्याचा बेत. क्वांटॉकची निवड सहज झालेली नाही. याच टेकड्यांच्या कुशीत नेदर स्टोवी येथे कोलरिज राहत होता, १७९७-९८ मध्ये जवळच ॲल्फॉक्स्डन येथे वर्डस्वर्थ राहावयास आला, आणि १७९८ च्या ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहातील बऱ्याचशा कविता तेथे जन्मल्या. ऋतूचा शोध घेण्यास निघालेला हा प्रवासी इंग्रजी काव्याच्या एका उगमाकडे चालला होता. नकाशावर बोट ठेवले की ते दिसते.

थॉमस त्या वेळी पस्तिशीत होता, कवी म्हणून त्यास कोणी ओळखत नव्हते, आणि प्रकाशकांनी सांगितलेली पुस्तके भराभर लिहून तो संसार चालवीत होता. खिन्नतेने त्याला वारंवार घेरलेले असे. या सर्वांच्या खुणा पुस्तकावर आहेत, आणि त्या लपविण्याचे कारण नाही. मातीच्या चिलिमी, वातकुक्कुट, थडग्यांवरचे लेख, वाटेवरच्या परगण्यांत होऊन गेलेले कवी, यांवर तो पानेच्या पाने खर्च करतो. प्रकाशकास ठरावीक पाने भरून द्यावयाची आहेत याची आठवण वाचकास मधूनमधून होते. ‘त्यात काही घडत नाही’ हे माझे वाक्य या पानांपुरते अगदीच निराधार नव्हते. परंतु याच पानांत त्याने एक विलक्षण पात्र आणले आहे. त्यास तो नुसते ‘दुसरा माणूस’ म्हणतो. हा दुसरा माणूसही सायकलीवर आहे, त्याच वाटेने चालला आहे, त्याच चिलिमींचा आणि वातकुक्कुटांचा त्यास नाद आहे. तो भेटतो, मागे पडतो, पुन्हा पुढल्या गावी भेटतो. हे लेखकाचेच दुसरे रूप आहे हे सांगावयास नको. स्वतःचा कंटाळा आलेल्या माणसाने स्वतःस असे शेजारी बसवून त्याचे बोलणे ऐकावे, त्याची किंचित थट्टाही करावी, यात मोठे धैर्य आहे.

आणि मग शेवटच्या प्रकरणात क्वांटॉकच्या कॉथलस्टन टेकडीपाशी ती घटना घडते, जिला मी चाळताना घटना समजलो नव्हतो. कोणी तरी तोडून वाटेत टाकून दिलेली, सुकू लागलेली थोडी रानफुले त्यास दिसतात. ती ज्या फुलझाडांची असतात ती फुलली म्हणजे हिवाळा पुन्हा उठत नाही, असे तो मनाशी ठरवितो, आणि तेथे हिवाळ्याचे थडगे आपणांस सापडले असे मानून आनंदित होतो. शोध संपतो तो एखाद्या भव्य देखाव्यापाशी संपत नाही, दुसऱ्या कोणाच्या हातून गळलेल्या मूठभर फुलांपाशी संपतो. टेकडी चढताना मागे असलेला हिवाळा उतरताना मागे राहिला, एवढाच बदल. वसंत आला हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिले असे नाही, तर दुसरे कोणी तरी आपल्याआधी येथून फुले घेऊन गेले यावरून त्याने ते ताडले, हा भाग मला विशेष हृद्य वाटतो. एकाकी माणसाचे सुख येथे प्रथमच परक्याच्या सुखावर विसंबते.

हे पुस्तक १९१४ साली निघाले. त्याच वर्षी रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन मित्राने ते वाचून थॉमसला सांगितले की, तुझ्या या गद्यात कविताच आहे, तिला तिची लय दे. डिसेंबर १९१४ मध्ये थॉमसने कविता लिहिण्यास आरंभ केला आणि पुढल्या दोनसव्वादोन वर्षांत सुमारे एकशेचाळीस कविता लिहिल्या. आज इंग्रजी काव्यात त्याचे जे स्थान आहे ते त्यांच्यामुळे. ९ एप्रिल १९१७ रोजी आरासच्या लढाईत तो मारला गेला. तो ईस्टरचा सोमवार होता. ईस्टरच्या सुमारास निघालेला प्रवासी चार वर्षांनी ईस्टरलाच गेला, या योगायोगावर भावविवश होऊन लिहिणे सोपे आहे. टीकाकारास त्यापेक्षा महत्त्वाचे हे की, गद्याकडून पद्याकडे जाणारी त्याची खिंड याच पुस्तकात आहे, आणि वर्डस्वर्थप्रमाणे त्यालाही ती ओलांडताना कळली नाही. ती दाखवून द्यावयास एक मित्र लागला. आमच्या कसोटीचे दोन्ही भाग हे पुस्तक पुरे करते.

तिसरा लेखक वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत सापडावयाचा नाही. डब्ल्यू. एम. रॉबिन्सन हे त्याचे नाव. ‘वेफेअरर’ म्हणजे ‘वाटसरू’ या टोपणनावाने तो ‘सायकलिंग’ या नियतकालिकात लिहीत असे, आणि ठिकठिकाणच्या सायकल मंडळांत मॅजिक लँटर्नवर चित्रे दाखवून व्याख्याने देत असे. मार्च १९१९ च्या अखेरीस तो आणि त्याचे सोबती वेल्समधील बर्विन डोंगर सायकलींसह ओलांडून गेले. केइरिऑग आणि डी या नद्यांच्या खोऱ्यांमधली ही वाट सुमारे एकोणीसशे फूट चढते. वाटेवर बर्फ साचले होते. सायकलीवर बसून जाण्याचा प्रश्नच नव्हता, ती ढकलीत, ओढीत न्यावयाची. त्या मे महिन्यात त्याचा लेख प्रसिद्ध झाला. मथळा होता ‘ओव्हर द टॉप’.

रॉबिन्सनची शैली उत्साही बातमीदाराची आहे. थॉमसचे चिंतन किंवा वेल्सचा विनोद त्याच्यापाशी शोधू नये. परंतु त्या मथळ्यातील तीन शब्दांवर वाचकाने थोडे थांबावे. महायुद्ध संपून सहा महिनेही झाले नव्हते. गेली चार वर्षे ‘ओव्हर द टॉप’ याचा इंग्रजी कानांस एकच अर्थ माहीत होता: खंदकाच्या कडेवरून वर चढून शत्रूच्या गोळ्यांसमोर जाणे. त्या वाटेने गेलेल्या असंख्य तरुणांस पलीकडली बाजू दिसली नाही. रॉबिन्सनने ते शब्द उचलून एका बर्फाळ वेल्श डोंगरावर ठेवले, जेथे काही मित्र धापा टाकीत वर जातात आणि जिवंत पलीकडे उतरतात. हे त्याने बुद्ध्या केले की सहज, हे मी ठरवू पाहत नाही. शब्दांस त्यांचा पूर्वीचा निरुपद्रवी अर्थ परत मिळाला हे खरे. नियतकालिकातल्या एका किरकोळ लेखाने एवढे करणे थोडे नाही. १९५६ साली रॉबिन्सन वारला. त्या खिंडीत त्याच्या स्मरणार्थ पाटी बसविली आहे. आणि भूगोलातली एक गोष्ट त्या जागेस फार शोभून दिसते. केइरिऑग ही पुढे डी नदीलाच मिळते. खिंडीच्या अलीकडचे पाणी आणि पलीकडचे पाणी दूर खाली जाऊन एकत्र वाहते.

या वाङ्मयावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. चढउतारांचे वर्णन लवकरच नोंदवहीचे रूप घेते. १९७२ साली फ्रान्समध्ये एक मंडळ स्थापन झाले. निरनिराळ्या शंभर खिंडी सायकलीने ओलांडाव्या, त्यांतल्या निदान पाच तरी दोन हजार मीटरहून उंच असाव्या, ही त्याच्या सभासदत्वाची अट. अशा मंडळांची मी थट्टा करीत नाही. त्यांच्यामुळे रानवाटांची जुनी स्थानिक नावे जिवंत राहिली, आणि शिखरांच्या तोऱ्यापुढे नगण्य ठरलेल्या जागा माणसांनी शोधून काढल्या. परंतु मोजणी सुरू झाली की लेखणीवर तिचा परिणाम होतो. एक्केचाळिसावी खिंड बेचाळिसावीपासून ओळखू येईनाशी होते. हल्ली सायकलीस बसविलेले छोटे यंत्र किती मीटर चढ झाला ते माथ्यावर पोचताच सांगते. ते सांगून झाले की लिहिणाऱ्यास वाटते आपलेही सांगून झाले. अलीकडली बाजू आकड्यात गेली, पलीकडली पुढल्या आकड्याची तयारी म्हणून उतरली. दोन्ही बाजू हरवल्या. थॉमसने आयुष्यात किती खिंडी ओलांडल्या हे कोणी मोजलेले नाही. त्याच्या पुस्तकात एकच टेकडी लक्षात राहते, आणि तीवरची मूठभर फुले.

हे सारे वाचीत असता आपल्याकडे काय आहे, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. ठेंगण्या घाटातून पायी जाणे हे आपल्यास परके नाही. दर वर्षी आषाढी वारीस आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवे घाटाने सासवडास जाते. रथ चढविण्यासाठी जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात, आणि त्या वळणांवरून लक्षावधी माणसे पायी वर जातात. इंग्लंडातल्या कोणत्याही खिंडीने एवढी पावले पाहिली नसतील. या चालण्याविषयी इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. १९४९ च्या ‘परिपूर्ती’ या संग्रहात तो आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासक म्हणून त्या दिंडीबरोबर निघाल्या. पाहता पाहता पाहणाऱ्या बाई चालणाऱ्या झाल्या, आणि ज्या लोकांबरोबर चालल्या त्यांच्याशी त्यांचे मन जडले. पण त्याचबरोबर, एका नामाचा गजर करीत चालणाऱ्या माणसांतही जातींची फळी कायम आहे, हे त्यांना दिसले आणि त्याची खंत त्यांनी मांडली. आमच्या कसोटीने पाहिले तर हा खिंडीच्या वाङ्मयाचा अस्सल नमुना होय. पायांनी घाट ओलांडला, मनाने एक अंतर ओलांडले, आणि एक अंतर अजून ओलांडावयाचे आहे हे माथ्यावरून स्पष्ट दिसले. डोंगराची उंची त्या लेखात कोठेही महत्त्वाची नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. आपण, म्हणजे हे मासिक ज्यांच्या घरी येते ते आपण सारे, बहुधा शिखरांची माणसे नसतो. आपली रजा मोजकी, पाय मध्यम, घरी परतण्याची वेळ ठरलेली. आयुष्यात ओलांडावयाचे डोंगर आपल्या वाट्याला येतात तेही याच मापाचे: मूल पहिल्यांदा परगावी शिकावयास जाते, वडील नोकरीतून निवृत्त होतात, आई एक दिवस आपले नाव ऐकूनही वळून पाहत नाही. यांचे माथे आल्यागेल्याचा पत्ता लागत नाही, आणि त्यांवर कोणी झेंडा रोवीत नाही. ज्या वाङ्मयास अशा ठेंगण्या जागा ओळखता येतात ते आपणांस उपयोगी आहे. शिखरांचे वाङ्मय आपण कौतुकाने वाचतो, हे आपण गरजेने वाचतो. ‘त्यात काही घडत नाही’ असे म्हणणारा प्राध्यापक त्या वेळी चढणीवर होता आणि त्यास फक्त चढण दिसत होती. आज तोच प्रश्न कोणी विचारला तर मी पुस्तक त्याच्या हाती देईन, शेवटचे प्रकरण दाखवीन, आणि आरंभापासून, चिलिमींची पाने न गाळता, वाचावयास सांगेन. कारण ती कंटाळवाणी पाने ही त्या टेकडीची अलीकडली बाजू आहे, आणि ती चढल्यावाचून त्या फुलांपाशी पोचता येत नाही.